वाफा क्रमांक सात

"पुढच्या दसऱ्यापर्यंत डहाणू तालुक्यात आजार हा शब्द फक्त जुन्या दप्तरात सापडेल!" गोविंदराव चुरींनी परसदारी उभं राहून जाहीर केलं.

सभेला दोनच श्रोते हजर होते. एक धाकटा भाऊ महादेव, जो चिकूच्या वाडीकडे जाता जाता पाणी प्यायला थांबला होता. आणि दुसरी एक कोंबडी, जी वाफा क्रमांक चार मन लावून उकरत होती. टाळ्या झाल्या नाहीत. त्याऐवजी आतल्या खोलीतून विजयमालाबाई खोकल्या. सुरू झालेला खोकला संपेना, तेव्हा महादेवानं तांब्या खाली ठेवला.

"म्हणजे पुढच्या दसऱ्यापर्यंत वहिनीनं खोकायचं का रे दादा?"

"आज सकाळी औषध दिलंय. क्रमांक सात. संध्याकाळपर्यंत फरक दिसेल."

"तीन आठवडे झाले."

"तीन आठवडे मी अभ्यास करत होतो," गोविंदराव म्हणाले.

गोविंदराव मामलेदार कचेरीच्या दप्तरखान्यात एकतीस वर्षं काढून एकसष्ट सालच्या चैत्रात निवृत्त झाले. कोणत्या गावचा कोणता गट कोणाच्या नावावर आहे, हे ते झोपेत सांगत. त्या गटावर काय उगवतं हे मात्र त्यांनी कागदावरच वाचलं होतं. घरची वाडी महादेव बघायचा. निवृत्तीनंतर दोन महिने गोविंदराव पडवीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे वारसा हक्क आठवत राहिले. मग कोणीतरी त्यांना कोसबाडला घरच्या बागेवरच्या व्याख्यानाला नेलं. तिथून ते एक पुस्तक आणि उन्हाचा ताप घेऊन परतले. ताप उतरला, पुस्तक उतरलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर परसात अकरा वाफे झाले. प्रत्येक वाफ्यात एक पाटी होती, तुपाच्या डब्याचा पत्रा कापून, पांढरा रंग देऊन केलेली. पाटीवर क्रमांक, नाव, गुणधर्म आणि तळाशी 'हात लावू नये'. हात लावणारं घरात कोणी नव्हतंच. एकुलती एक मुलगी लग्न होऊन उंबरगावला गेली होती. उरल्या विजयमालाबाई. त्या वाफ्यांना रोज पाणी घालत, आणि नवरा पाट्या वाचून दाखवे तेव्हा हातातलं काम थांबवून ऐकत. त्यांच्याएवढं ऐकून घेणारं माणूस कचेरीतही कोणी नव्हतं.

झाडं आणून दिली होती सायवनच्या बायजीनं. ही वारली जमातीची म्हातारी बाजाराच्या दिवशी लाकडाच्या लॉरीतून डहाणूला उतरे, आणि टोपली ठेवायला चुरींची पडवी वापरे. फार वर्षांपूर्वी तिच्या सासऱ्याच्या जमिनीचा कागद गोविंदरावांनी उंदरांच्या तोंडातून काढून दिला होता. तेव्हापासून ती त्यांना 'कारकुना' म्हणे, आणि कधी मध, कधी कंद ठेवून जाई. झाडपाल्याची जाणती म्हणून डोंगरातली माणसं तिच्याकडे येत. तिनं मुळासकट माती बांधून रोपं आणली, गोविंदरावांनी वही उघडून नाव विचारलं, तिनं क्षणभर कौलांकडे पाहून नाव सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. मग पुस्तकात त्या नावाखाली जे असेल ते पाटीवर गेलं. कारभार कसा, एकदम चोख.

क्रमांक सातच्या नावाखाली पुस्तकात होतं: जुना खोकला, संपूर्ण झाड मुळासह, पाव हिस्सा उरेपर्यंत आटवावे. त्याबरहुकूम आज सकाळी झाड उपटलं गेलं, आटवलं गेलं, आणि विजयमालाबाईंनी डोळे मिटून पेला रिकामा केला.

"कडू आहे?" गोविंदरावांनी पेन्सिल सरसावून विचारलं होतं.

"औषधासारखं आहे," त्या म्हणाल्या होत्या.

महादेव वाडीकडे वळणार, तोच बायजी आली. गोविंदरावांना सभेला तिसरा श्रोता मिळाला. त्यांनी तिला वाफ्यांवरून फिरवलं आणि हजेरी घ्यावी तशी एकेक पाटी मोठ्यानं वाचली. तिसऱ्या पाटीला बायजीनं पदर तोंडाला लावला. पाचवीला ती खाली बसून हसू लागली.

"हसायला काय झालं?"

"ही नावां! मी अशीच सांगलेली."

"अशीच म्हणजे?"

"तू वही घेऊन बसलास. काय तरी सांगाया लागतां ना? खरां नाव तोंडानं बोललां का झाडाचा गुण जातो. माझे सासूनं मला नाय सांगलां, मी माझे सुनेला नाय सांगलां. हातानं दाखवायचां, बोलायचां नाय."

"म्हणजे तू मला खोटी नावं दिलीस?"

"तुझां औषध मरू नये म्हणून दिली," बायजी म्हणाली. तिला यात रागावण्यासारखं काही दिसत नव्हतं.

"अकराच्या अकरा?"

"तुळस खरी. ती तुझी होती."

महादेव हसायला लागला आणि मधेच थांबला. गोविंदरावांचा चेहरा टीपकागदासारखा झाला होता.

"बायजी, सातवं मी तिला दिलं. सकाळी. पोटात."

बायजी उठली. सातव्या वाफ्यात पाटी होती आणि खड्डा होता.

"पाला कुठे?"

"उकळला."

"चोथा?"

"गटारात टाकला." गटार वाडीतून सुटलेल्या पाण्यानं भरून वाहत होतं. चोथा एव्हाना खाडीच्या वाटेला लागला असणार.

"पान कसां होतां?"

एकतीस वर्षांत एकही कागद न विसरलेल्या माणसानं डोळे मिटून आठवलं. "हिरवं."

"मोठां का बारीक?"

"मध्यम."

"फूल?"

गोविंदरावांनी पुन्हा डोळे मिटले. पाटीवरच्या अक्षरांची वळणं मात्र त्यांना लख्ख आठवत होती.

"यातलं एखादं... वाईट आहे का?" महादेवानं विचारलं.

"एक हाय," बायजी म्हणाली. "अंगाला लावायचां. पोटात नाय. तां आता वाफ्यांत दिसत नाय, कोंबडीनं उकरलां का तांच सातवां, कळत नाय."

गोविंदराव चपला न घालता दवाखान्याकडे निघाले. पंधरा दिवसांपूर्वी याच दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून त्यांनी दौलत कंपाउंडरला, लवकरच हा दवाखाना बंद पडेल, तेव्हा दुसरी नोकरी बघून ठेव, असा वडीलकीचा सल्ला दिला होता. दौलत आत बाटल्यांवर कागदाच्या खुणा चिकटवत बसला होता.

"या काका. नोकरी बघतोय अजून."

"डॉक्टर?"

"तलासरीला गेलेत, लस टोचायला. उद्या सकाळी येतील. काय होतंय?"

"मला काही नाही. समजा, एखाद्या बाईनं चुकून पाला घेतला पोटात—"

"कसला पाला?"

"क्रमांक सात."

दौलतनं मान वर केली. चेष्टा करायचा त्याचा विचार असावा. पण त्यानं गोविंदरावांच्या पायांकडे पाहिलं आणि तो सोडून दिला. "काकी आहेत का?" तो म्हणाला. "हे बघा, काय घेतलंय ते कळल्याशिवाय वरून दुसरं काही देऊ नका. जवळ बसा. जीभ जड झाली, डोळे फिरले, तर टांगा करून इथं आणा. मी जेवायलाही घरी जात नाही."

घरी आले तेव्हा विजयमालाबाई झोपल्या होत्या आणि बायजी त्यांचे तळपाय चोळत बसली होती. झोप ही चांगली खूण की वाईट, हे विचारायचा गोविंदरावांना धीर झाला नाही. ते खिशातलं घड्याळ काढून उशाशी बसले. कागदावर लिहिलं: अकरा वाजून दहा मिनिटे, श्वास बावीस. साडेअकरा, श्वास चोवीस. मग वाटलं, चोवीस म्हणजे वाढले. पुन्हा मोजले, तर मधेच स्वतःचा श्वास मोजला गेला. पावणेबाराला त्या इतक्या शांत दिसल्या, की त्यांनी घाबरून हाक मारली.

"अगं!"

"काय?" त्या डोळे न उघडता म्हणाल्या.

"काही नाही. झोप."

जेवणाची वेळ टळून गेल्यावर बायजी उठली. "मूळ राहला असंल मातीत. तांदूळ आण."

"कशाला?"

"उपटलास तेव्हा विचारलेलां?"

"कोणाला?"

"झाडाला."

एरवी गोविंदरावांनी यावर पुस्तकातला उतारा ऐकवला असता. ते धावत स्वयंपाकघरात गेले आणि दोन्ही ओंजळी भरून तांदूळ घेऊन आले. बायजीनं त्यातले चार दाणे घेतले. "बाकीचां भात कर," ती म्हणाली. दाणे खड्ड्याशी ठेवून ती पुटपुटली आणि मग गोविंदरावांकडे बघून थांबली. त्यांना कळेना काय करायचं. शेवटी अर्ज करावा तसे हात जोडून ते खड्ड्यासमोर वाकले. महादेवानं दुसरीकडे पाहिलं.

बायजीनं बोटांनी माती उकरली. काही मिळेना. पाटी आड येत होती. गोविंदरावांनीच ती उपटून बाजूला टाकली. कोपरभर खाली एक धाग्याएवढी मुळी सापडली. बायजीनं ती चुरडली, हुंगली, जिभेच्या टोकाला लावली आणि थुंकून टाकली. मग ती कितीतरी वेळ नुसती बसून राहिली. तेवढ्या वेळात गोविंदरावांनी देवाला तीन वाफे बोलून टाकले.

"नाय मरायची," बायजी म्हणाली.

"नक्की?"

"म्हशीचां पोट फुगतां तेव्हा देतो आम्ही. बाईला काय नाय होत. जुलाब होईल एकदा."

"वा दादा," महादेव म्हणाला, "वहिनी आता दूध द्यायला लागणार." पण वाडीकडे जाताना त्यानं दोनदा डोळे पुसले.

गोविंदरावांनी सवयीनं वही उघडली. पेन्सिल कागदाला टेकली. बायजी त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी वही मिटली.

बाजार कधीच उठला होता. टोपली तशीच भरलेली उचलून बायजी निघाली. पायरीवर थांबून म्हणाली, "कारकुना, तीन बाजार मी हिचा खोकला ऐकतां. हा माझे डोंगरातला खोकला नाय. ह्याला माझेकडे पाला नाय."

ती गेली.

ऊन उतरलं तेव्हा विजयमालाबाई उठून बसल्या. गोविंदरावांनी घसा साफ करून सगळं कथन केलं. 'सदरहू झाड' आणि 'नजरचुकीने' हे शब्द वगळून सांगायला त्यांना जमलं नाही. त्या ऐकत होत्या. मधे एकदा खोकल्या, पदर तोंडाशी धरला, आणि पदरावरचा तांबडा ठिपका मुठीत मिटून पुन्हा ऐकू लागल्या.

"तर आता नव्यानं सुरुवात," ते म्हणाले. "नावं रद्द. प्रत्येक पानाचं चित्र काढायचं, खाली तारीख घालायची. बायजी हातानं दाखवेल. तुला सांगतो, पुढच्या वर्षी लोक बघायला येतील!"

"येतील की," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "एक म्हणू? रागावणार नाही ना?"

"म्हण की."

"उद्या डॉक्टर तलासरीहून आले, की मला जरा दाखवून आणता? झाडांना पाणी घालायच्या आत परत येऊ."