दादूचं नाक

"अहो दादू, तिसऱ्या मजल्यापर्यंत नाक धरून बसलेत लोक! आणि तुम्ही इथे उभे राहून चहा पिताय?"

सोसायटीच्या सेक्रेटरी रश्मी मॅडम ओढणी नाकाशी धरून तळघराच्या जिन्यातच थबकल्या. दादूने कप खाली ठेवला. मुलुंडच्या या टॉवरचं सांडपाणी शुद्ध करणारी टाकी तो अकरा वर्षं सांभाळत होता. झाकण उचलायचं आणि हुंगायचं. ओल्या मातीचा वास आला तर गाळातले घाण खाणारे जंतू खुशीत, सडक्या अंड्याचा आला तर गुदमरलेत. वहीतले आकडे तो मागाहून भरे.

त्याने झाकण उचललं. पाणी काळंभोर. हवा सोडणाऱ्या यंत्राची मोटर घरघरत होती, पण पट्टा तुटून पडलेला.

"वास नाही आला तुम्हाला?"

दादू वाकला, खोल श्वास घेतला. काही नाही. क्लोरीनचा कॅन उघडून नाकाशी नेला. तिथेही काही नाही. पंधरवड्यापूर्वीचा ताप जाताना नाकही घेऊन गेला होता आणि याला पत्ता नव्हता. चहाला चव नाही म्हणून टपरीवाल्याशी भांडला मात्र होता.

त्याने नवा पट्टा चढवला. टाकीत बुडबुडे उठले. ते बघता बघता त्याला एकदम घर आठवलं.

शकू.

लकव्याने बायको अंथरुणाला खिळली, वाचाही गेली, त्याला दोन वर्षं झाली. सकाळ-संध्याकाळ, तिला लाजवायला नको म्हणून चादरीखालीच, न बघता पुसून कपडे बदलायची वेळ ठरलेली; मधलं सगळं त्याच्या नाकावर. वास आला की तो उठायचा, तिला खूणसुद्धा करावी लागायची नाही. चाळीत मिरवायचाही त्याबद्दल. पण या पंधरा दिवसांत तो ताट घेऊन शेजारी बसला की ती भिंतीकडे तोंड फिरवायची. काल तर तो खेकसला होता, "सोंगं करू नकोस, जेव मुकाट्याने!"

"मॅडम, घरी जाऊन येतो."

"आत्ता? इथे टाकीची वाट लागलीय आणि तुम्ही..."

"हवा चालू केलीय. टाकी सुधारेल दोन-चार दिवसांत."

बोलता बोलता तो जिना चढलासुद्धा.

घरी त्याने चादर उचलून डोळ्यांनी पाहिलं. कमरेखालची कातडी लाल, सोलवटलेली. पाणी कोमट करून त्याने तिला निगुतीने धुतलं, खोबरेल लावलं, धुतलेली चादर घातली. शकूने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"नाक गेलंय गं माझं. मला कळलंच नाही." तो तिच्या उशाशी टेकला. "तू एवढे दिवस... तशीच..."

शकूने डोळे उघडले. तिचा धड असलेला हात चाचपडत चादरीच्या टोकापर्यंत गेला. ते टोक तिने वर आणलं आणि शाळेत निघालेल्या पोराचं पुसावं तसं दादूचं गळणारं नाक पुसलं.