उबवणी यंत्रातली दुसरी प्रत

नणंद आपणहून फोन करते म्हणजे काहीतरी अडलेलंच असणार, हे इंजिनीअरीण ओळखून होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी दोघींचं बोलणं नवऱ्याच्या फोनवरूनच व्हायचं. "दे जरा तिला" म्हणून दोन वाक्यं, तब्येत, हवापाणी, की संपलं. भांडण असं कधी झालं नव्हतं. वडिलांची हॅचरी, म्हणजे अंडी उबवून पिल्लं विकायचा धंदा, धाकट्या भावाने येऊन चालवावा असं नणंदेच्या मनात होतं, आणि भाऊ बायकोची नोकरी होती त्या शहरात जाऊन राहिला. त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं इंजिनीअरिणीला अधूनमधून वाटायचं.

त्या सकाळी फोन थेट तिच्याच मोबाइलवर आला.

"अगं, कंट्रोलर उठत नाहीये," नणंद म्हणाली. "आत अंडी आहेत."

उबवणीचं यंत्र चालवणारी पेटी ती. आतली ऊब, दमटपणा, ठरावीक वेळाने ट्रे कलते करणं, सगळं तिच्या हाती. पडद्यावर काय दिसतं, असं इंजिनीअरिणीने विचारलं. चित्र येतं, पडदा काळा होतो, परत चित्र येतं, आणि हे असंच पहाटेपासून चाललंय, असं उत्तर मिळालं. पेटी बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. इलेक्ट्रिशियन येऊन हात टेकून गेला होता. इंजिनीअरीण लिफ्टच्या कंट्रोलरमधलं सॉफ्टवेअर लिहायची. ही पेटी तिने कधी उघडून पाहिली नव्हती, पण लक्षणं ओळखीची होती. तिने रजा टाकली, लॅपटॉप आणि केबलींची पिशवी गाडीत ठेवली आणि दुपार व्हायच्या आत पोहोचली.

हॅचरी म्हणजे घरामागची लांबट खोली. कपाटाएवढं यंत्र, त्याला काचेचं दार, आत माळ्यांसारखे चढलेले ट्रे. नणंदेचा नवरा, म्हणजे भाऊजी, गरम पाण्याचे कॅन आणून यंत्राच्या तळाशी ठेवत होते आणि निवलेले बाहेर काढत होते. नणंद बाजूचा दांडा ओढून ट्रे हाताने कलते करत होती. मध्येच तिने एक अंडं उचललं आणि मिटलेल्या पापणीला लावून पाहिलं.

"थर्मामीटर आहे की आत," इंजिनीअरीण म्हणाली.

"तो हवेची ऊब सांगतो. अंड्याची नाही."

इंजिनीअरिणीने मान हलवली आणि पेटीचे स्क्रू काढायला घेतले. बोर्डाच्या कडेला तीन पिनांची जागा होती. तिथे केबल जोडली, दुसरं टोक लॅपटॉपला. मग तिने पेटी बंद करून चालू केली आणि स्पेसबारवर बोट ठेवून बसली. असल्या पेटीत मुख्य प्रोग्रॅम सुरू होण्याआधी एक छोटासा प्रोग्रॅम जागा होतो, त्याला बूटलोडर म्हणतात. त्याचं काम एवढंच, की मोठ्याला झोपेतून उठवायचं. पण उठवण्याआधी तो क्षणभर थांबतो, आणि तेवढ्यात कुणी कळ दाबली तर म्हणतो, बोला, काय करू?

तो थांबला. पांढरी अक्षरं उमटली आणि खाली चौकोनी कर्सर लुकलुकू लागला. इंजिनीअरिणीचा जीव भांड्यात पडला. हा जिवंत होता, म्हणजे सगळंच गेलेलं नव्हतं.

पेटीतल्या सगळ्या माहितीचा साठा एका चिपमध्ये होता. या जातीच्या चिपला नॅंड म्हणतात. तिच्यात हजारो कप्पे असतात, आणि वापरून वापरून त्यातले काही बाद होतात. कुठले झालेत ते विचारायला तिने आज्ञा टाइप केली. तेवढ्यात नणंद चहा घेऊन मागे येऊन उभी राहिली होती. चष्मा कपाळावरून खाली ओढून तिने पडद्यावरचं एकेक अक्षर लावून वाचलं.

"नंद बॅड," ती म्हणाली. "हे तू माझ्याबद्दल लिहिलंयस?"

इंजिनीअरीण दचकून वळली. नणंदेचा चेहरा गंभीर होता, पण मागे कॅन उचलणाऱ्या भाऊजींचे खांदे हलायला लागले, आणि मग तिघांनाही हसू आवरेना. ते चिपचं नाव आहे हो ताई, आणि तिचे बाद झालेले कप्पे कुठले ते विचारतेय, असं इंजिनीअरिणीने कसंबसं सांगितलं. "विचार, विचार," नणंद म्हणाली. "बाद आहे ते कळलेलं बरं." मग तिने स्टूल ओढलं आणि शेजारीच बसली.

उत्तर आलं. काही कप्पे जुनेच बाद होते, त्यांची नोंद चिपनेच ठेवलेली होती. खरा घोळ वेगळाच निघाला. मुख्य प्रोग्रॅम वाचायला लावला, तर मध्येच एका कप्प्याशी तो अडखळला. तो कप्पा नव्यानेच गेला होता आणि त्याची अजून नोंद नव्हती. पेटी दर वेळी त्याच खड्ड्यात पडत होती आणि पहिल्यापासून चालायला लागत होती.

पण पेटी बनवणारा माणूस शहाणा होता. त्याने प्रोग्रॅमची दुसरी प्रत चिपमध्ये पुढे कुठेतरी ठेवलेली होती. इंजिनीअरिणीने ती तात्पुरत्या स्मरणात वाचून घेतली आणि तपासली. प्रत धडधाकट होती.

आता सरळ मार्ग दिसत होता. खराब कप्प्यावर बाद असल्याची खूण करायची, पहिल्या प्रतीची जागा पुसायची आणि दुसरी प्रत तिथे लिहायची. चिप बाद कप्पा ओलांडून पुढे जाईल आणि पेटी पूर्वीसारखी आपली आपण उठेल. ऑफिसात तिने हे इतक्या वेळा केलं होतं की बोटं आपोआप चालत. तिने खूण केली आणि पुसण्याची आज्ञा टाइप केली. एंटरवर बोट गेलं.

"यात काय पुसलं जाणार?" नणंदेने विचारलं. आवाजात शंका नव्हती, नुसती विचारपूस होती. "माझी तापमानं आत आहेत ना. बदकाची वेगळी, कोंबडीची वेगळी. बाबांनी बसवलेली, मग मी सुधारलेली."

"त्यांना धक्का लागत नाही, ती शेवटच्या भागात आहेत. हे बघा, दोनावर पाच शून्यं, इथून सुरुवात..." तिने पडद्यावर बोट ठेवून शून्यं दाखवायला घेतली आणि चौथ्याशी थांबली.

पाचवं शून्य नव्हतंच.

एका शून्याने जागा पार चिपच्या सुरुवातीला सरकली होती, जिथे बूटलोडर राहत होता. एंटर दाबला असता तर उठवणाराच पुसला गेला असता. मग पेटी एकदा बंद झाली की तिला कुणाच्या बापाला उठवता आलं नसतं, निदान इथे बसून तरी नाही. तिने हात मांडीवर घेतले.

"चुकलं होतं?" नणंदेने हळूच विचारलं.

"चुकलं होतं, ताई. तुम्ही विचारलंत म्हणून दिसलं."

नणंदेने लॅपटॉपशेजारचा गार झालेला चहा उचलला आणि दुसरा आणून दिला.

चहा संपेपर्यंत इंजिनीअरिणीने मनाशी ठरवलं होतं. आत अंडी असताना पुसापुशी करायचीच नाही. दुसरी प्रत स्मरणात वाचलेली आहे, तिच्यावरूनच पेटी सुरू करायची. तोटा एकच: वीज गेली आणि जोडीची बॅटरीही संपली तर पुन्हा केबल लावून ह्याच आज्ञा द्याव्या लागतील. तिने हे नणंदेला समजावून सांगितलं. नणंद म्हणाली, मग मला शिकव.

पुसण्याची आज्ञा खोडून तिने सुरू करण्याची आज्ञा दिली. अक्षरं भराभर वर सरकली, पडद्यावर चित्र आलं, आणि या वेळी ते काळं झालं नाही. पंखा फिरायला लागला. थोड्या वेळाने ट्रे कुणी हात न लावता कुरकुरत कलले, तेव्हा भाऊजी हातातल्या कॅनसकट खाली बसले.

संध्याकाळपर्यंत नणंदेने पेटी बंद केली, चालू केली, कळ दाबली, आज्ञा दिल्या. पहिल्यांदा कळ दाबायला उशीर झाला, दुसऱ्यांदा स्पेलिंग चुकलं. प्रत्येक आकडा ती मोठ्याने म्हणायची, आणि मगच एंटर. इंजिनीअरीण लॅपटॉप आणि केबल तिथेच ठेवून परतली.

मधल्या काळात एकदा वीज गेलीच, आणि त्यात बॅटरीही दगा देऊन बसली. इंजिनीअरीण मीटिंगमध्ये होती, फोन बंद होता. बाहेर येऊन पाहते तर नणंदेचा निरोप: "वीज गेली होती. आली. मी केलं. तापतंय." तिने तो दोनदा वाचला, मग नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, ताई मला कधी एवढा मोठा निरोप पाठवत नाही.

पिल्लं निघाली तेव्हा नवराबायको दोघं तिथे गेली. सगळी अंडी काही फुटली नाहीत. त्या सकाळी वरच्या ट्रेंना ऊब कमी पोहोचली होती, आणि तिथली बरीचशी तशीच राहिली. नणंदेने ती एकेक उजेडासमोर धरून पाहिली आणि बादलीत ठेवली. खालच्या ट्रेमध्ये मात्र ओली पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून चिवचिवत होती.

यंत्र रिकामं झाल्यावर इंजिनीअरिणीने राहिलेलं काम केलं. जागा पुसली, प्रत लिहिली, परत वाचून ताडून पाहिली. पेटी आपली आपण उठली. मग तिने खरं ते सांगितलं: चिप थकलीय ताई, आज एक कप्पा गेला, उद्या आणखी जातील. वर्ष निघेल, कदाचित दोन. तोवर नवी पेटी बघा.

"तू बनवशील?" नणंदेने विचारलं.

"एकटीला नाही जमणार. अंड्यांचं मला काही कळत नाही."

"ते मी सांगेन की." नणंद हात पुसत म्हणाली. मग जरा थांबून, भावाकडे न बघता, ती पुढे म्हणाली, "हा इथे आला असता तरी त्याला हे जमलं नसतं. मी उगीच इतकी वर्षं मनात धरून बसले."

इंजिनीअरिणीला वाईटही वाटलं आणि हलकंही. "तुम्हाला वाटणारच, ताई," एवढंच ती म्हणाली.

बाहेर पिल्लं न्यायला गाडी येऊन उभी होती. भाऊजींनी भोकं पाडलेले खोके पुढे केले. दोघी ट्रेपाशी समोरासमोर बसल्या. ओंजळीत किती घ्यायची, पाय कसे सांभाळायचे ते नणंदेने दाखवलं, आणि इंजिनीअरीण खोके भरायला लागली.