हेस्टरबाईंचं शेवटचं वाक्य

हेस्टर ऑर्मरॉड हे नाव कोणाला आठवत नसे, चेहरा मात्र सगळ्यांच्या ओळखीचा. स्कारबरोच्या बाजारातला खाटीक हमखास विचारायचा, "बाई, त्या पिक्चरमध्ये पाहुण्याला विष तुम्हीच घातलंत ना?"

"छे हो! मी नुसते कप विसळले. विष घालायला त्यांनी देखणी बाई आणली होती."

घरमालकिणी, नर्सा, पाद्र्यांच्या बहिणी, अशा बारीकसारीक भूमिकांत त्यांची चाळीस वर्षं गेली. त्यातली एकोणीस वर्षं त्यांचे कपडे मी सांभाळले. पहाटे चर्चमध्ये प्रार्थना, मग थिएटरात इस्त्री.

त्या हिवाळ्यात नाटकाचं शेवटचं वाक्य आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या वाट्याला आलं. म्हाताऱ्या आईच्या तोंडचे पाच साधे शब्द, की पडदा. आमच्या रंगभूमीची रीत अशी, की शेवटचं वाक्य तालमीत उच्चारायचं नाही, थेट पहिल्या प्रयोगात म्हणायचं. नाहीतर नाटक पडतं म्हणे. पण बाईंना हल्ली आठवेनासं झालं होतं. दिग्दर्शक डेनिसनं बजावलंच होतं, "एकदा जरी अडखळलात, तर दुसऱ्या दिवसापासून तुमच्या जागी फिलिपा."

"इथं खोलीत एकदा म्हणून तर बघा," मी विनवलं. "देव काही त्यासाठी नाटक पाडत नाही."

"तुझ्या देवाला तिकिटं विकायची नसतात, ब्रिडी! चाळीस वर्षं थांबलेय मी. माझ्याआधी ते कोणी उच्चारायचं नाही. तूसुद्धा. घे शपथ."

मी घेतली.

प्रयोग सुरेख रंगला. शेवटी बाई टेबलापाशी आल्या, सगळ्यांकडे पाहिलं आणि थांबल्या. डोळे विंगेत माझ्याकडे वळले. मला वाक्य पाठ होतं. आठवण करून देणाऱ्या मुलीला त्यांनीच सांगून ठेवलं होतं, "शेवटी थांबले तर तो अभिनय समज." ती तसंच समजली. मी जपमाळ घट्ट धरून उभी राहिले. पडदा पडला. लोकांना ती शांतताच शेवट वाटली, टाळ्या थांबेनात.

डेनिस मात्र आमच्या खोलीच्या दारात आला. "उद्यापासून फिलिपा, हेस्टर. वाईट वाटून घेऊ नका."

"घेऊन झालं," बाई म्हणाल्या. तो गेल्यावर माझ्याकडे वळल्या. "तू नुसती कुजबुजली असतीस तरी चाललं असतं गं."

"तुम्ही शपथ घातली होती."

त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "तुझ्याइतकी खरी माणसं नाटकात ठेवूच नयेत!"

अर्ध्या चेहऱ्यावर रंग, अर्धा पुसलेला. त्यांनी पाठ ताठ केली, भरलेल्या प्रेक्षागृहाकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश म्हणाल्या,

"बसा आता, चहा गार होतोय."

खोलीत चहा नव्हता. मी बसले.