वहिनी गप्प होतात ती जागा

भाऊजींच्या आनंदाला त्या दुपारी धरबंध नव्हता. दुकानात शिरले ते फोन नाचवतच.

"वहिनी, पळाली! आपली क्लिप पळाली! सकाळपासून नुसती धावतेय!"

वहिनी टेबलाशी बसून एका इस्त्रीची वायर बदलत होत्या. "पळाली तर पळू दे. दमली की थांबेल," त्या म्हणाल्या, पण हसू काही लपलं नाही. लपणार तरी कसं? गेली दोन-तीन वर्षं त्यांच्या चॅनलची तब्येत अगदी तोळामासा झाली होती. आज गडी उठून चक्क धावायला लागला होता.

एके काळी या चॅनलचा काय रुबाब होता! सुरुवात थट्टेतच झाली. धाकट्या दिराने, म्हणजे याच भाऊजींनी, फोन स्टुलाला सुतळीने बांधला आणि वहिनींना म्हणाले, "तुम्ही तुमचं काम करा, मी नुसतं शूटिंग करतो." वहिनींनी मिक्सर उघडला, बोलत बोलत दुरुस्त केला. मध्ये गिऱ्हाईक आलं, त्याच्याशी बोलल्या. मध्ये ठसका लागला, पाणी प्याल्या. सगळं तसंच्या तसं टाकलं. आणि लोकांनी ते बघितलं की हो! अर्धा अर्धा तास बघितलं. खाली प्रश्न विचारले, वहिनींनी जेवण आटोपून एकेकाला उत्तरं दिली. होता होता ती माणसं घरचीच झाली. एक रेडिओ दुरुस्त करणारे आजोबा होते, ते वहिनींच्या चुका काढायचे. एक कुंडीवाली होती. स्वतःच्या फोटोच्या जागी तिने बाल्कनीतली कुंडी लावली होती, म्हणून ती कुंडीवाली. एकटीच राहायची, आणि घरातली बिघडलेली प्रत्येक वस्तू आधी वहिनींना सांगायची. ही सगळी मंडळी तिथे, व्हिडिओच्या खाली, एकमेकांशीसुद्धा गप्पा मारत बसायची.

मग दिवस पालटले. त्या व्हिडिओवाल्या कंपनीने आत काय फिरवलं देव जाणे, पण लांब व्हिडिओ कुणापर्यंत जाईचनात. लोकांना आता दम धरवत नाही, म्हणे. पहिल्या वाक्याला गळ लागला नाही की मासा गेला. भाऊजी बिचारे मिळतील ते धडे गिरवायला लागले. चित्रावर मोठी लाल अक्षरं काय, वहिनींचा आ वासलेला फोटो काय. "मी नाही आ करणार. दाढ दुखतेय असं वाटतं," वहिनींनी ठणकावलं. शेवटी भाऊजींनी जुने लांब व्हिडिओ कापून त्यांच्या चिमुकल्या क्लिपा करायचा सपाटा लावला. त्यांच्याकडे एक बटण होतं. दाबलं की व्हिडिओतली सगळी शांतता आपोआप कापली जायची, नुसतं बोलणं तेवढं उरायचं. झटपट, खटाखट. आज पळालेली क्लिप त्याच बटणातून निघालेली होती. मायक्रोवेव्हची.

वहिनींनी इस्त्री बाजूला सारली आणि सवयीने खाली कोण काय म्हणतंय ते वाचायला घेतलं. बहुतेक सगळे अनोळखी. कुणी अंगठा, कुणी हसरा चेहरा. आणि त्या गर्दीत अचानक ती कुंडी दिसली.

"वहिनी, माझाही मायक्रोवेव्ह असाच बंद पडलाय. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं! आत्ताच उघडायला बसते."

वहिनींच्या मनात पाल चुकचुकली. सोपं? मायक्रोवेव्ह आणि सोपं? त्यांनी क्लिप लावली. पडद्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "आधी प्लग काढायचा." लगेच म्हणाल्या, "आता झाकण निघालं." आणि लगेच हात आत! "ही बघा, इथली वायर जळलीय."

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

मायक्रोवेव्हची गोष्ट सांगायलाच हवी. प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. माणूस मारायला ती पुरते. ती काढून टाकल्याशिवाय जाणता मेकॅनिक आत बोट घालत नाही, आणि घरच्या माणसाने तर झाकणही उघडू नये. मूळ व्हिडिओत वहिनींनी हे सुरुवातीलाच बजावलं होतं, आणि मग आतली वीज नीट काढलीही होती. पण काढताना त्या बोलल्या नव्हत्या. सासऱ्यांनी हे दुकान चालवताना एकच शिस्त लावली होती: हात आत, तोंड बंद. जोखमीचं काम आलं की वहिनी गप्प व्हायच्या. जुने प्रेक्षक त्यावरून चेष्टाही करायचे, "वहिनी गप्प झाल्या, करंट आला!"

बटणाने नेमकं तेच कापलं होतं. सुरुवातीचं बजावणं रटाळ म्हणून भाऊजींनी आपल्या हाताने उडवलं होतं, ते वेगळंच.

"भाऊजी, हे काय करून ठेवलंत?" वहिनींचा आवाज चिरकला. त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. भाऊजींच्या हातातला फोन हळूहळू खाली आला.

वहिनींनी कुंडीवालीला उत्तर लिहिलं: हात लावू नका, उघडू नका. पण ते उत्तर वरून येणाऱ्या अंगठ्यांखाली क्षणात गडप झालं. ती ते बघणार कधी? पूर्वी तिला निरोप धाडता यायचा, ती सोय कंपनीने कधीच गुंडाळली होती.

"क्लिप काढून टाकू?" भाऊजींनी विचारलं. विचारताना त्यांचा जीव तुटत होता, दिसतच होतं.

"काढली तर तिचं बोलणंही जाईल आणि माझं उत्तरही. आणि तिने बघून घेतलीय हो! आता काढून तिचा हात थांबणार आहे का?" वहिनी उठून उभ्या राहिल्या. "लाईव्ह लावा."

"लाईव्ह? हल्ली कुणी बघत नाही, वहिनी. फार तर जुनी चार माणसं येतील."

"मला तीच हवीत. लावा म्हणते ना!"

भाऊजींनी फोन उभा केला. वहिनी कॅमेऱ्यासमोर आल्या, केस विस्कटलेले, हाताला वंगण. सुरुवातीला कुणीच नव्हतं. मग एक आला, मग दुसरी. "वहिनी! किती दिवसांनी!" "प्रकृती बरी ना?" वहिनींनी ते सगळं हाताने झटकलं.

"गप्पा नंतर. कुंडीवालीला कोण ओळखतं? तिचा फोन नंबर कुणाकडे आहे? ती आमची क्लिप बघून मायक्रोवेव्ह उघडतेय. क्लिप चुकीची आहे. चूक आमची आहे. तिचा जीव जाईल हो! कुणीतरी फोन करा तिला!"

पडद्यावरची अक्षरं थबकली. मग रेडिओवाले आजोबा उमटले. "माझ्याकडे आहे. तिला मी एकदा पार्ट पाठवला होता. लावतो."

थोड्या वेळाने: "वाजतोय. उचलत नाही."

मग: "कापला तिने."

भाऊजींनी कपाळावर हात मारला. वहिनी टेबलाची कड धरून उभ्या होत्या. "पुन्हा लावा आजोबा. सोडू नका. लावतच राहा." त्यांच्या डोळ्यांपुढे ते स्वयंपाकघर येत होतं. ओट्यावर उघडं पडलेलं मशीन, शेजारी टेकवलेला फोन, त्यात हसऱ्या तोंडाने हात आत घालणाऱ्या त्या स्वतःच. कुणी परक्याने मारलं असतं तर शिव्या तरी घालता आल्या असत्या.

"पुन्हा कापला," आजोबांनी लिहिलं. रस्त्यावरून एक टेम्पो खडखडत गेला. गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं, वहिनींचा चेहरा बघून तसंच मागे फिरलं.

"उचलला! थांबलीय. हात घातला नव्हता. रागावलीय माझ्यावर."

वहिनी मटकन खुर्चीत बसल्या आणि लहान मुलीसारख्या रडायला लागल्या. भाऊजींनाही राहवलं नाही. पडद्यावर कुणी हात जोडत होतं, कुणी आजोबांना शाबासकी देत होतं. तेवढ्यात ती कुंडी स्वतःच उगवली.

"फोनवर क्लिप चालू होती, म्हणून कापत होते हो. वहिनी, एक सांगू? तुम्ही गप्प झालात की मी नेहमी हात मागे घेते. आज तुम्ही गप्पच झाला नाहीत."

वहिनींनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. डोळे पुसले. मग सावकाश मान वळवली.

"भाऊजी, बाकीच्या क्लिपा? त्याही त्याच बटणातून काढल्यात?"

भाऊजींनी मान डोलावली. जिथे जिथे जोखीम तिथे तिथे वहिनी गप्प, आणि जिथे गप्प तिथे कात्री. गिझर, वॉशिंग मशीन, जुना टीव्ही. सगळ्यांतून मरण तेवढं नजरेआड करून ठेवलं होतं.

दोघं एकेक उघडून बघत गेले. अंगठे, हसरे चेहरे, "मस्त", "भारी". गिझरच्या क्लिपखाली मात्र एकाने लिहिलं होतं: "रविवारी सुट्टी आहे, बसतोच करायला." फोटो नाही, नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. तो रविवार येऊन गेला होता. त्यानंतर त्याचा एक शब्द नव्हता.

"दादा, झालं का काम? नुसतं हो एवढं तरी लिहा," वहिनींनी लिहिलं. लाईव्ह अजून चालूच होतं, त्यात विचारलं, "हा माणूस कोण आहे? कुणाला माहीत आहे?"

कुणालाच माहीत नव्हतं. आजोबांनाही नाही. अशी माणसं एकदा येतात, बघतात, जातात. त्यांना कुणी ओळखत नाही आणि तीही कुणाला ओळखत नाहीत.

"असेल ठीक," भाऊजी कसेबसे म्हणाले. "काम झालं की कोण कळवतं हल्ली?"

"असेलही," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी वाट पाहिली. त्या क्लिपखाली आणखी एक अंगठा आला, दुसऱ्याच कुणाचा तरी. म्हणजे ती अजून चालूच होती, कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी ओट्यावर.

"काढा भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "सगळ्या काढा. ही पण."

भाऊजींचं बोट अडखळलं. "ही काढली तर त्याचं उत्तर आपल्याला कधीच कळणार नाही, वहिनी."

"माहीत आहे मला," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचा हात बाजूला करून बटण स्वतःच दाबलं.