कुलूप बाहेरून तपासतात

नवं कुलूप आजोबांनी सकाळच्या चहाआधीच उघडलं. चमच्याच्या दांड्यानं.

"घ्या! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या," सून कपाळावर हात मारून म्हणाली.

जन्मभर लोकांची अडकलेली कुलपं उघडून देणाऱ्या माणसाला आम्ही कुलपात ठेवायला निघालो होतो. दुसरं करणार काय? हल्ली आमच्या ह्यांचं विसरणं फार वाढलंय. कधीकधी स्वतःचं घरही त्यांना परकं वाटतं. मागच्या आठवड्यात असेच बाहेर पडले आणि भर रस्त्यात बसपुढे उभे सापडले. मुलानं सांगून टाकलं होतं, "आई, आता पुन्हा गेले, तर त्यांना वृद्धांच्या देखभाल केंद्रात ठेवावं लागेल. कामावर माझा जीव टांगणीला लागलेला असतो."

नातीला मात्र वेगळाच प्रश्न पडला. "आजी, पण आजोबांना जायचं असतं तरी कुठे?"

खरंच की! हे कुणीच विचारलं नव्हतं.

"बघू या," मी म्हटलं. "पण मध्येच बोलायचं नाही. आधी डोळे, मग तोंड."

मुलाला खाली जिन्यापाशी उभं केलं आणि आम्ही दोघी चपलांच्या कपाटाआड बसलो. आजोबा आले. कुलपाला कान लावला, चमचा फिरवला, खट्! बाहेर जाऊन त्यांनी दार ओढून घेतलं. मूठ हलवली. पुन्हा हलवली.

नातीला राहवलं नाही. "कोण आहे?"

"कुलूपवाला," बाहेरून आवाज आला. "ताई, आतून लावून बघा बरं."

तिनं लावलं.

"आता उघडा. अडकतंय?"

"नाही."

"मग झालं काम. येतो."

पावलं जिन्याकडे वळली. मी घाईनं दार उघडलं. "अहो मिस्त्री, चहा तरी घेऊन जा!"

ते थांबले. "साखर कमी," म्हणत आत आले.

"आजी, ते पळत नाहीत गं!" नात कुजबुजली. "कुलूप बाहेरून तपासायला जातात. काम झालं, की दुकानाकडे निघतात."

"मग बाहेर न जाता बाहेरची बाजू कशी बघायची?" मी विचारलं.

तिनं हातातली चहाची बशी उलटी करून दाखवली.

संध्याकाळी मुलानं एका फळीत जुनं कुलूप बसवून आणलं. दाराचं कुलूप पडद्याआड गेलं, दारावर घंटी बांधली. आजोबांनी फळी मांडीवर घेतली. कुलूप उघडलं, फळी फिरवली, मागून तपासलं, परत फिरवली. घंटी काही वाजली नाही. कितीतरी दिवसांनी मुलगा पाय पसरून बसला.

नातीनं फळीवर टकटक केली. "कुलूपवाले, आत या ना!"

आजोबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"आतच तर आहे! दिसत नाही का?"