नव्या साबणाचं कौतुक

नवा साबण आणला आणि ह्यांचे रुमाल एकदम पांढरेशुभ्र निघायला लागले. मी बावळट! आठ दिवस शेजारणीपाशी त्या साबणाचे गोडवे गात होते.

आमचे हे शिंपी. चाळीस वर्षं सुईत दोरा ओवून डोळ्यांना सारखं पाणी येतं, त्यामुळे खिशात रुमाल कायमचा. चार महिन्यांपूर्वी ह्यांच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी जंतूंनी पोखरली. फुग्यासारखी फुगली, कधी फुटेल नेम नाही. ह्या वयात पोट उघडणं झेपायचं नाही, म्हणून डॉक्टरीणबाईंनी जांघेतून तार घालून आत एक कापडी नळी बसवली. शुद्धीवर आल्यावर ह्यांनी पहिलं काय विचारावं? "कापड कुठलं वापरलंत?"

नळी बसली, पण जंतू तिथेच. म्हणून लाल कॅप्सूल, रोज दोन, एक दिवसही खंड पाडायचा नाही. तिच्यामुळे लघवी लाल, घाम लाल, डोळ्यांतलं पाणीसुद्धा नारिंगी. रुमाल घासून घासून माझे हात सोलले. औषध द्या, ताप बघा, पुन्हा रुमाल. अगदी मेटाकुटीला आले होते.

काल त्याच साबणाने टेबलक्लॉथ धुतला. चहाचा डाग जागचा हलला नाही. मी घासायची थांबले. चहा निघत नाही, मग ह्यांचा डाग कसा निघतो? तशीच ओल्या हातांनी आत गेले, शिलाई मशीनचा खण उपसला. बटणांच्या डब्यात सोळा लाल कॅप्सूल.

"अहो, हे काय?"

मान खाली. "कंटाळलो गं. पोट ढवळतं, तोंडाला चव नाही. आता बरा आहे ना मी?"

"बरे? कसर लागलेल्या कोटाला नुसतं आतून अस्तर लावलंय! कसर आतच आहे. गिऱ्हाइकाला सांगाल का, डांबरगोळ्या काढून टाका म्हणून?"

मग हळूच म्हणाले, "तूही दमलीस ना माझं करून?"

"दमले. फार दमले. म्हणून काय विधवा व्हायची हौस आलीय मला?" एवढं बोलले आणि मलाच रडू फुटलं. ह्यांनी मुकाट्याने हात पुढे केला, कॅप्सूल गिळली.

डॉक्टरीणबाई फोनवर रागावल्या, तेही मलाच. आज सकाळी रक्त तपासायला देऊन आलो. येताना म्हणाले, अंगात जराशी कणकण आहे. मी कपाळाला हात लावला, पण माझेच हात गार पडलेले, काही कळेना.

संध्याकाळी भांडी घासत होते, तर मागे येऊन उभे राहिले. रुमाल पुढे धरला. कोपऱ्यात नारिंगी डाग.

"बघ, बिघडला तुझा साबण."

हसूच आलं मेलं. रुमाल घेतला, भिजत टाकला. रिपोर्ट यायला अजून दोन दिवस आहेत.