पसाऱ्याचा चष्मा

आईने आयुष्यभर शाळेत कवायत शिकवली. आमच्या घरात चपलासुद्धा सावधान उभ्या असायच्या, मी तेवढी कायम विश्राम. "तुझ्या नशिबात पसाराच," असं ती येता-जाता ऐकवायची. काचांवर ऑक्साइडचे पातळ थर चढवायची नोकरी मला लागली, तेव्हा पेढा वगैरे राहिलं बाजूला, म्हणाली, "आधी टेबल आवर."

निवृत्त झाल्यावर तिला नाटकाचं वेड लागलं. भूमिका मिळाली सासूची, चांगली भरघोस. पण दिव्यांखाली तिचा चष्मा असा चमके की डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके. दिग्दर्शकाने सांगितलं, "चष्मा काढा, नाहीतर भूमिका सोडा." चष्मा काढून तालीम केली, तर आई सून समजून खुर्चीवर ओरडली.

"भिंगांवर थर चढवून देते," मी म्हटलं. "चमक जाईल."

"घाई नको. नीट शेकून घे. कच्चं काम मला चालत नाही."

इथेच मी माती खाल्ली. तिच्या धाकाने थर दिलेली भिंगं भट्टीत ठेवली, आच वाढवली आणि विसरल्यासारखी राहू दिली. चमक गेली खरी, पण आईला रंगमंच दुधात बुडालेला दिसू लागला, दिव्या-दिव्याभोवती खळं.

"अगं, तू तर मला मोतीबिंदू बसवलास!"

सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि कपाळावर हात मारला. या थरात अणू कसेही पडलेले असावे लागतात. सगळीकडे सारखाच पसारा असला की प्रकाश निमूट आरपार जातो. माझ्या भट्टीत त्यांना ऊब मिळाली, सवड मिळाली आणि ठिकठिकाणी त्यांचे घोळके शिस्तीत उभे राहिले. बारीक-बारीक स्फटिक. प्रकाश त्यांच्यावर आपटून वाट फुटेल तिकडे पांगत होता.

"आई, तुझ्या कवायतीने घात केला. अणू रांगेत उभे राहिले."

"मग चांगलंच की!"

"सगळेच राहिले असते तर चाललं असतं. पसाऱ्यात मधेच चार टोळकी शहाणी झाली, ती नडली."

"म्हणजे पसारा हवा?" तो शब्द तिने कडू काढ्यासारखा गिळला.

"निव्वळ पसारा."

"मग तुला जमेल," ती म्हणाली.

दुसरी जोडी मी शेकलीच नाही. रंगीत तालमीला जाऊन मागे बसले. मुलगा घर सोडून निघतो तो प्रसंग होता. आई पुढे आली. नाकावर चष्मा आहे की नाही, कळेना. दिसत होते ते तिचे डोळे, आणि ते घाबरलेले होते. एका शिट्टीत अख्खी शाळा गप्प करणारी माझी आई पुढचं वाक्य आठवेल की नाही म्हणून थरथरत होती. लहानपणापासून मी तिचा नुसता आवाजच ऐकत आले होते.

"वा! काय डोळे बोलतात!" दिग्दर्शक ओरडला. "चष्मा राहू द्या, भूमिका तुमचीच."

आई खाली आली, पदराने घाम टिपला आणि मला बाजूला घेतलं.

"खरं सांग, घाबरलेली दिसत होते?"

"शेवटच्या रांगेपर्यंत."

तिने चष्मा नाकावर नीट बसवला.

"मग उद्या प्रयोगाला पुढे, मला दिसशील अशी बसशील का गं?"

जन्मात पहिल्यांदा तिने मला हुकूम सोडला नव्हता, विचारलं होतं.